सोमवारचं मौन आणि उजवीकडचं वळण

मौनाचं व्रत धरलेल्या बाईला मोटारीत मागच्या सीटवर बसवू नये, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. चातुर्मासात काय खावं, काय टाकावं, कोणत्या पानावर जेवावं, हे पोथ्यांनी इतकं बारकाईनं सांगून ठेवलं आहे, की मोटारीबद्दल चार ओळी त्यांना जड नव्हत्या. पण पोथ्या लिहिल्या गेल्या तेव्हा पळस्प्याच्या नाक्यावरून गोव्याचा रस्ता फुटत नव्हता आणि त्या रस्त्यावर मोटारसायकली धावत नव्हत्या. तेव्हा दोष पोथीलाही देता येत नाही. आणि दोष कुणाला द्यायचा, यावरूनच पुढचं सगळं रामायण झालं.

अरुंधतीबाई भाटे दर चातुर्मासात एखादा जादा नेम धरीत. रोजची तुळस, रोजची पोथी, संध्याकाळचं निरांजन हे तर बारमाही होतंच. एका वर्षी त्यांनी वांगी सोडली. एका वर्षी जमिनीवर निजल्या आणि दिवाळीपर्यंत कंबर धरून हिंडल्या. एका वर्षी न मागता पानात पडेल तेवढंच खायचं असा नेम केला, तर घरात वाढणाऱ्या त्याच असल्यामुळे त्या वर्षी त्या फार वाळल्या. यंदा त्यांनी सोमवारचं मौन धरलं होतं. तेही काष्ठमौन, म्हणजे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत बोलायचं नाही, खूण करायची नाही, लिहूनही दाखवायचं नाही, लाकडासारखं राहायचं. कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी हा नेम निवडला आणि खरोखरच कुणाला झाला नाही. मुळात त्यांचा आवाज इतका हळू, की पहिले काही सोमवार नवऱ्याच्या, म्हणजे महादेवरावांच्या, लक्षातच आलं नाही. मग एका सोमवारी ते म्हणाले, "अगं, घसा बसलाय का तुझा?" आणि उत्तराची वाट न पाहता पेपर वाचू लागले.

त्याच वर्षी महादेवरावांनी गाडी घेतली. पनवेलच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट. नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या इमारतीखाली ती येऊन उभी राहिली आणि तळमजल्यावरचे चौबळ तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. चौबळांनी स्वतः कधी गाडी घेतली नव्हती, पण दुसऱ्यांच्या गाड्यांत पुढच्या सीटवर बसण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. त्यांनी निकाल दिला, की गाडी आधी देवाला दाखवायची आणि मगच ऑफिसला न्यायची. श्रावणी सोमवार जवळच होता. गोव्याच्या रस्त्यावर पळस्प्याच्या पुढे, उजवीकडे आत वळलं की एका खेड्यात शंकराचं जुनं देऊळ आहे. वाट त्यांना पाठ होती. म्हणजे पुढच्या सीटचाही निकाल लागला.

गॅरेजवाल्या जगनने मात्र आदल्या दिवशी सांगितलं होतं, "काका, उजवा इंडिकेटर मेलाय. आत टिकटिक वाजते, बाहेर काय पेटत नाय. बल्ब टाकून घ्या."

"आधी देव, मग दिवा," महादेवराव म्हणाले. हे वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी ते चौबळांना ऐकवलं, दूधवाल्याला ऐकवलं आणि रात्री जेवताना अरुंधतीबाईंनाही ऐकवलं.

सोमवारी सकाळी अरुंधतीबाईंनी न बोलता झेंडूची माळ गुंफली. माळ लांब झाली. बॉनेटवर घालून उरलेला पदर चौबळांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाला गुंडाळला. आरसा दिसेनासा झाला, पण शोभा आली. पाऊस भुरभुरत होता म्हणून महादेवरावांनी काच वर घेतली. अशा रीतीने इंडिकेटर नाही, आरसा नाही आणि काचेबाहेर हात नाही, अशी ती गाडी देवाच्या भरवशावर निघाली. देवाने पळस्प्यापर्यंत सांभाळलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

नाका ओलांडल्यावर महादेवरावांनी वेग कमी केला आणि दोघे पुरुष उजवीकडचं वळण शोधू लागले. मागच्या काचेशी ठेवलेली पूजेची परडी घसरायला लागली, तशा अरुंधतीबाई मागे वळल्या आणि तिला धरून राहिल्या. त्यामुळे गाडीतल्या तिघांपैकी मागे पाहणाऱ्या त्या एकट्याच.

त्यांना मोटारसायकल दिसली. वर एक पोरगेला गडी, डोकं उघडं, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. तो भरधाव येत होता. समोरची जुनी गाडी रेंगाळतेय, दिवा नाही, हात नाही, तेव्हा हिला ओलांडून पुढे निघावं असा सरळ विचार त्याने केलेला त्यांना दिसला. विचार दिसत नसतो, पण तो उजवीकडे सरकला तो दिसला. त्याच वेळी पुढून चौबळ म्हणाले, "हेच ते. घ्या, घ्या, समोर मोकळं आहे." महादेवरावांचे हात चाकावर उजवीकडे वळले.

तेव्हा अरुंधतीबाई ओरडल्या. अहो, थांबा, उजवीकडून येतोय, असं जीव खाऊन ओरडल्या. पण मनात.

मग घंगाळ दगडावर आपटावं तसा आवाज झाला आणि त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. म्हणजे मौन मोडायचं ते मोडलंच. फक्त जरा उशिरा.

पोरगा रस्त्यापलीकडच्या भाताच्या खाचरात जाऊन पडला. चिखल होता म्हणून डोकं वाचलं. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. रस्ताभर तोंडली पसरली होती. ती हेल्मेटात होती. आईने मावशीकडे द्यायला दिलेली. हेल्मेटाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

हवालदार काळूराम आले. त्यांची पहिली अडचण अशी, की गाडीची पुढची चाकं एका चौकीच्या हद्दीत आणि मागची दुसरीच्या. मोटारसायकल एकीकडे, पोरगा दुसरीकडे आणि तोंडली दोन्हीकडे. शेवटी चाक वळवणारा माणूस जिथे बसतो ती हद्द धरावी असं ठरलं. पंच म्हणून चौबळ लगेच पुढे झाले. तुम्ही गाडीत होतात, तुम्हाला पंच होता येणार नाही, असं कळल्यावर ते अपघातापेक्षा जास्त दुखावले. माळ आरशासकट जप्त झाली. गाडी चौकीच्या आवारात जाऊन उभी राहिली आणि दोन दिवसांत तिच्याखाली एका कुत्रीने पिल्लं घातली.

पोराचं नाव अंकुश. उरणच्या बाजूचा. त्यांचं मिठागर बंदरासाठी गेलं होतं आणि त्याबदल्यात अंकुशला बंदरात नोकरी लागायची होती; क्रेन शिकवणार होते. आता पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला पोचला, की हजर व्हायचं. हवालदारांनी महादेवरावांना सरळच सांगितलं.

"भाटेसाहेब, बेदरकार चालवली म्हणून त्याच्या एकट्यावर केस लागली, तर दाखला अडकेल. नोकरी गेलीच समजा. दोघांचीही चूक, कुणाची तक्रार नाही, असं दोन्हीकडून लिहून दिलंत, तर मला मिटवता येईल."

"दोघांची?" महादेवराव म्हणाले. "तीस वर्षं नोकरी झाली माझी. एक मेमो नाही."

"मेमो नाही हो. नुसती अर्धी चूक."

"अर्धीसुद्धा नाही."

त्याच सोमवारी संध्याकाळी घरात बैठक बसली. चौबळांना अपघात पुन्हा घडवून दाखवायचा होता. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी देवघरातून पूजेची भांडी आणली. ताम्हन म्हणजे फियाट, पळी म्हणजे मोटारसायकल, सहाण म्हणजे देऊळ. बाळकृष्णाला हवालदार म्हणून मध्ये उभं केलं. अरुंधतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत राहिल्या. ताम्हन वळलं, पळी आपटली, पुन्हा ताम्हन वळलं. दरवेळी पळीचीच चूक निघाली.

"वळणावर ओव्हरटेक," चौबळ म्हणाले. "आणि उजव्या बाजूनं. शंभर टक्के त्याची."

"ओव्हरटेक उजव्याच बाजूनं करतात," अरुंधतीबाई म्हणाल्या. दिवस मावळला होता, बोलायला हरकत नव्हती. पण त्या इतक्या हळू बोलल्या, की चौबळांनी तेवढ्यात पळी आणखी एकदा आपटली.

पाहुणे गेल्यावर त्या महादेवरावांजवळ जाऊन बसल्या. "अहो, मला तो दिसला होता."

"कोण?"

"तो मुलगा. येताना. मी मागे बघत होते. मी बोलले असते तर तुम्ही वळला नसतात."

महादेवरावांनी आधी दार लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नकोस."

"का?"

"लोक म्हणतील, घरचीसुद्धा ह्याला सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी अरुंधतीबाईंनी देवळातल्या गुरुजींना विचारलं. मौनामुळे कुणाला इजा झाली तर प्रायश्चित्त काय? गुरुजींनी पंचांग चाळलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, इजेचं माहीत नाही, पण "आई गं" म्हणालात त्याबद्दल एक माळ जप जादा करा. अरुंधतीबाईंनी जप केला. मन हलकं झालं नाही. तेवढ्या दोन शब्दांचं प्रायश्चित्त मिळालं होतं. जे शब्द निघालेच नाहीत त्यांचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग त्या डब्यात मऊ भात घेऊन पनवेलच्या हाडवैद्य डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. अंकुश पाय टांगून छताकडे बघत पडला होता. खाटेशी जमिनीवर त्याची आई मालू बसली होती. अरुंधतीबाईंनी डबा ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

मालूने दोनदा विचारून घेतलं. आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

"म्हंजे तुमी बघितलाव त्याला?"

"हो."

"मंग वरडलाव का नाय?"

"सोमवार होता."

मालू डब्याकडे बघत राहिली. सोमवार ती पण करायची, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यापेक्षा पडली असती तर बरं झालं असतं.

"तुमचा गप ऱ्हाना देवाला आयकू आला आसंल," मालू म्हणाली. "माज्या पोराला नाय आला."

डबा तिने परत दिला नाही आणि उघडलाही नाही. अरुंधतीबाई घरी आल्या आणि कधी नव्हे ती त्यांच्या हातून आमटी करपली. महादेवरावांनी ती मुकाट्याने खाल्ली. गाडी चौकीत अडकल्यापासून त्यांचं कुठल्याच चवीकडे लक्ष नव्हतं, ऑफिसात लोक "भाटेसाहेब, आज बसनं?" असं रोज गोडपणे विचारीत.

जबाबासाठी हवालदारांनी बोलावलं तो दिवस नेमका सोमवार निघाला.

महादेवरावांना हे बरंच वाटलं, असं म्हणायला हवं. बायको साक्षीदार आहे खरी, पण आज ती बोलणार नाही, लिहिणार नाही, मानसुद्धा हलवणार नाही. चौकीत शिरताना ते हवालदारांना म्हणालेही, "मिसेसचं व्रत आहे. त्यांचं माझ्या जबाबातच धरा."

अंकुशचा बाप तुळशीराम आणि मालू बाकावर बसली होती. मध्ये टेबल, वर पंखा. पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देत होता, आणि बाहेर घाटाकडचे ट्रक चालूच होते. तुळशीरामाने हात जोडले.

"सायेब, आर्दी चूक आमची हाय. पोर घाईत व्हता. आर्दी तुमी घ्या. पोराचा काम व्हईल."

"चूक म्हणजे काय जमीन आहे वाटून घ्यायला?" महादेवराव म्हणाले.

तुळशीराम शांतपणे म्हणाला, "जमीन गेली, सायेब. वाटाला आता चूकच ऱ्हायली."

महादेवरावांनी घसा खाकरला. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण तीस वर्षांचा बिनडागाचा माणूस एकदा शंभर टक्के म्हणून बसला, की नव्याण्णववर यायलाही त्याला कुणाचा तरी हात लागतो. ते खालच्या आवाजात हवालदारांना म्हणाले, "लिहा. मोटारसायकलस्वाराची पूर्ण चूक."

काळूरामांनी पेनचं टोपण काढलं.

अरुंधतीबाईंनी मनात शंकराची क्षमा मागितली. मग त्या बोलल्या.

कुणाला ऐकू गेलं नाही. पंखा खडखडत होता. त्या पुन्हा बोलल्या. बाहेर ट्रकने हॉर्न दिला. काळूराम तारीख लिहू लागले. त्या तिसऱ्यांदा बोलल्या, तेव्हा तुळशीराम म्हणाला, "थांबा, बाई काय तरी बोलतान."

महादेवरावांनी वळून पाहिलं. अपघाताच्या वेळीही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. "अगं, सोमवार आहे."

"तीन वाटे करा," अरुंधतीबाई म्हणाल्या. "एक माझा. मला तो येताना दिसला होता. मी गप्प राहिले."

काळूरामांनी पेन खाली ठेवलं. "का?"

"मौन होतं."

"बाई, मौनाला कलम नाही. मी हे लिहू कुठे?"

"ते तुम्ही बघा. पण माझा वाटा मला द्या. तो मुलाच्या वाट्यात घालू नका."

महादेवराव कसनुसे हसले. "हवालदारसाहेब, भाविक आहे हो ती. मनाला लावून घेते." मग बायकोकडे वळून, जरा चिडून, "आरसा दिसत नव्हता मला. आणि माळ कुणी गुंफली होती?"

"मी. तीही माझ्यात धरा."

"आरशाला चौबळांनी बांधली."

"मग थोडी त्यांची."

"आणि इंडिकेटर—" महादेवराव बोलून गेले आणि थांबले. खोलीत पंखाच तेवढा बोलत राहिला. काळूराम, तुळशीराम, मालू, सगळे त्यांच्याकडे बघत होते. अरुंधतीबाई मात्र खाली बघत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, आणि हेच महादेवरावांना सहन झालं नाही.

"बल्ब," ते शेवटी म्हणाले. "बल्ब माझा. जगननं सांगितलं होतं. आणि काच वर होती, हात काढला नव्हता. तेही लिहा."

"हेल्मेट डोक्यात नव्हता, ता आमचा," तुळशीराम म्हणाला. "आन् मोटार आस्ते झाली तर हा मागं ऱ्हायला पायजे व्हता. ता पन आमचा."

"तोंडली मी भरली," मालू भिंतीकडे बघत म्हणाली. "हेल्मेटान."

काळूरामांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "एवढी चूक एका अपघातात मावत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि दोन्ही बाजूंचा हलगर्जीपणा, कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मालूने अंगठा दिला. चौबळांना हे कळलं तेव्हा आपल्याला न विचारता आपल्या नावावर चूक टाकली म्हणून त्यांनी आठवडाभर भाट्यांशी अबोला धरला. इमारतीतल्या लोकांच्या मते हे मौनही कुणाला त्रासाचं नव्हतं.

दाखला मिळाला. पण पाय कायद्याने जुळत नाही. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय बोटभर आखूड झालेला होता. बंदराच्या डॉक्टरांनी अंकुशला चालवून पाहिलं, जिना चढवून पाहिला आणि क्रेनचं काम जमणार नाही असं सांगितलं. गेटवर खुर्चीत बसायची नोकरी मिळाली. ती नोकरीच होती, पगार होता, सगळे बरं झालं म्हणाले. गेटवरून क्रेन दिसतात का, एवढंच अंकुशने विचारलं.

हजर व्हायच्या दिवशी त्याला सोडायला महादेवराव स्वतः गाडी घेऊन गेले. सुचवलं अरुंधतीबाईंनी, ठरवलं महादेवरावांनी, निदान ते तसं सांगत. दोन्ही इंडिकेटर पेटत होते. आरशाला काही गुंडाळलेलं नव्हतं. नवा हार देवघरातल्या देवालाच घातला होता. काच खाली. चौबळ नव्हते. पुढे अंकुश बसला होता, आणि आईने शपथ घातल्यामुळे गाडीतसुद्धा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. नव्या शर्टावर ते हेल्मेट घालून तो समोर बघत बसला होता. हसू यावं असंच ते दृश्य होतं, पण कुणी हसलं नाही.

मागे मालू, आणि मागच्या काचेकडे वळून बसलेल्या अरुंधतीबाई. दवाखान्यानंतर दोघी एकमेकींशी फार बोलल्या नव्हत्या. मालूने एकदा डबा धुऊन परत पाठवला होता, एवढंच.

बंदराच्या अलीकडे उजवीकडे वळायचं होतं. महादेवरावांनी दिवा लावला, हात बाहेर काढला, आरशात पाहिलं आणि चाक वळवायला घेतलं. मागे कंटेनरच्या आडून एक मोटारसायकल सुटली आणि उजवीकडून घुसली. आरशात ती अजून आली नव्हती.

"थांबा. उजवीकडून."

गाडी जागच्या जागी थांबली. मोटारसायकलवाला हात उंचावून पुढे निघून गेला. महादेवरावांनी मागे वळून पाहिलं. हा आवाज आपल्या बायकोचा आहे हे त्यांना जरा वेळाने पटलं. अंकुशने हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं होतं. अरुंधतीबाईंचा घसा ओरबाडल्यासारखा झाला होता. इतक्या मोठ्याने त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

मालू त्यांच्याकडे बघत होती. चातुर्मास अजून संपला नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

"आज सोमवार नाय का?" तिने विचारलं.

"सोमवारच आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या.

मालूने पदर खोचला, सीटवर गुडघे टेकले आणि ती पण मागच्या काचेतून रस्ता बघू लागली.